वाचकांचे प्रश्न : रक्ताची गुठळी कधी काढावी, कधी सोडावी

रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी शरीर न उघडता, जांघेतून किंवा मनगटातून घातलेल्या नळीने बाहेर काढता येते, हे आता जिल्ह्याच्या गावीही लोकांच्या कानावर गेले आहे. त्यामुळे या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकतर ‘ही सोय असताना आमच्या माणसाला ती का मिळाली नाही’ असा आहे, नाहीतर ‘एवढे पैसे घेऊन केले, ते खरोखर गरजेचे होते का’ असा. निवडक पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. रुग्ण प्रत्यक्ष न तपासता लिहिलेली ही उत्तरे माहितीपुरती आहेत, उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. सकाळी सात वाजता त्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि बोलणे बंद झाले. साताऱ्यातील रुग्णालयात सीटी स्कॅन करून इंजेक्शन सुरू केले आणि लगेच ‘मेंदूची मोठी धमनी बंद आहे, पुण्याला न्या, तारेने गुठळी काढावी लागेल’ असे सांगितले. इंजेक्शनाचा गुण येतो का ते पाहू, असे आम्ही म्हणत होतो, पण डॉक्टरांनी थांबू दिले नाही. दुपारी बाराच्या सुमारास पुण्यात गुठळी काढली. आज तीन महिन्यांनी वडील काठीशिवाय चालतात, पण शब्द अडखळतात. तारेनेच काढायची होती तर इंजेक्शन कशाला दिले? नेमके काय केले? आणि बोलणे पूर्ववत का झाले नाही? (एक वाचक, सातारा)

उत्तर : साताऱ्याच्या डॉक्टरांनी आपल्याला थांबू दिले नाही, हे फार चांगले केले. मेंदूची मोठी धमनी बंद पडल्यावर, उपचार न झाल्यास, दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतील चेतातज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. हा आकडा सरासरीचा असून कोणाच्या मेंदूला आजूबाजूच्या वाहिन्यांकडून अधिक आधार मिळतो, कोणाच्या कमी. परंतु आपल्या माणसाला तो किती मिळतो आहे हे घरच्यांना बाहेरून कळणे शक्य नसते, म्हणून वाट पाहणे हा पर्यायच राहत नाही.

इंजेक्शनातील औषध, म्हणजे अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज, गुठळीला बांधून ठेवणारे फायब्रिनचे जाळे तोडण्याचे काम करते. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांत अल्टेप्लेज दिल्यास अपंगत्व कमी होते, हे १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने दाखवले, आणि २००८ साली युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. लहान शाखेतली छोटी गुठळी अशा औषधाने बऱ्याचदा विरघळते, परंतु मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या मेंदूकडील टोकाशी किंवा तिच्या मुख्य शाखेत बसलेली लांब, घट्ट गुठळी मेंदू वाचेल इतक्या वेळात विरघळण्याची शक्यता कमी असते. मग ते द्यायचेच कशाला, हा आपला प्रश्न जगभरच्या तज्ज्ञांनाही पडला होता. २०२० पासून चीन, जपान, युरोप आणि ऑस्ट्रेलियात यावर अनेक चाचण्या झाल्या. इंजेक्शन गाळून थेट नळीने गुठळी काढणे हे दोन्ही करण्याइतकेच चांगले आहे, असे त्या सगळ्या चाचण्या एकत्र पाहूनही ठामपणे सिद्ध झाले नाही. त्यातही त्या रुग्णांना बहुतांशी थेट मोठ्या केंद्रातच आणले होते. आपल्या वडिलांपुढे सातारा ते पुणे हा रस्ता होता. तेवढ्या वेळात औषधाने थोडे तरी काम करावे, हा विचार त्यामुळे अधिकच रास्त ठरतो.

आता नेमके काय केले ते सांगतो. रक्तवाहिन्यांत नळी घालून उपचार करण्याच्या खोलीत, म्हणजे कॅथलॅबमध्ये, जांघेतील धमनीत सुई घालून त्या जागी सुमारे अडीच-तीन मिलिमीटर जाडीची एक आखूड नळी बसवतात. तिच्यातून लांब नळी महाधमनीमार्गे मानेतील धमनीपर्यंत चढवतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत त्या नळीच्या आतून आणखी बारीक नळी आणि केसासारखी तार मेंदूत नेऊन गुठळीच्या पलीकडे पोचवतात. बारीक नळीत मिटून ठेवलेली, मिश्रधातूच्या जाळीची स्टेंटसारखी नळकांडी तिथे उघडली की जाळीचे धागे गुठळीत रुततात. काही मिनिटे तसेच ठेवून, मोठ्या नळीतून जोरात शोषण चालू ठेवत, जाळी गुठळीसकट मागे ओढून घेतात. ओढताना तुकडे सुटून पुढे जाऊ नयेत म्हणून पुष्कळदा मानेतल्या नळीच्या टोकाचा फुगा फुगवून तेवढ्यापुरता रक्तप्रवाह थांबवतात. काही तज्ज्ञ जाळी न वापरता रुंद तोंडाची नळी थेट गुठळीला भिडवून केवळ शोषणाने ती काढतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. पहिल्याच प्रयत्नात धमनी पूर्ण उघडली तर निकाल सर्वांत चांगला लागतो. ओढण्याचे प्रयत्न जसे वाढत जातात, तशी धमनीच्या अस्तराला इजा होण्याची भीती वाढते, म्हणून कुठे थांबायचे हेही अनुभवाने ठरवावे लागते.

हे तंत्र एका दिवसात मान्य झालेले नाही. बाटलीचे बूच काढण्याच्या स्क्रूसारखी पीळदार तार वापरून गुठळी ओढण्याच्या ‘मर्सी’ नावाच्या उपकरणाला अमेरिकेत २००४ साली परवानगी मिळाली. पण २०१३ साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांत नळीने गुठळी काढण्याचा काहीच जादा फायदा दिसला नाही, आणि हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे असे बोलले जाऊ लागले. त्या चाचण्यांतली उपकरणे बहुतांशी जुनी होती, उपचाराला उशीर होत होता आणि मोठी धमनी खरोखर बंद आहे का, याची अँजिओग्राफीने खात्री सर्वच रुग्णांत करून घेतलेली नव्हती. नेदरलँड्समधील ‘एमआर क्लीन’ या ५०० रुग्णांच्या चाचणीने हे दोष टाळले आणि चित्र पालटले. २०१५ साली तिच्यासह पाच चाचण्यांचे निकाल एकाच दिशेने आले. त्या पाचही चाचण्यांतील १२८७ रुग्णांचा एकत्रित हिशेब २०१६ साली मांडला गेला. त्यात तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण नळीने गुठळी काढलेल्यांत ४६ टक्के, तर फक्त औषधोपचार झालेल्यांत २६.५ टक्के होते. मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखा, चार टक्क्यांच्या थोडा वर, होता.

याच आकड्याची दुसरी बाजू म्हणजे, गुठळी निघूनही निम्म्याहून अधिक लोक पूर्ण स्वावलंबी झाले नाहीत. धमनी उघडण्यापूर्वी मेंदूचा जो भाग मेला, तो रक्त परत आल्याने जिवंत होत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांचे भाषेचे केंद्र मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असते आणि आपल्या वडिलांची तीच बाजू बंद पडली होती. तरीही तीन महिने म्हणजे सुधारणेचा शेवट नव्हे. वाचा-उपचार सोडू नयेत, आणि घरच्यांनी त्यांची वाक्ये त्यांच्याऐवजी पुरी करण्याची सवय टाळावी.

प्रश्न : आई रात्री दहाला झोपली तेव्हा ठीक होती. सकाळी सहाला डावी बाजू लुळी पडलेली दिसली. ‘आठ तास उलटले, आता इंजेक्शन देता येत नाही’ असे सांगून तिला साध्या वॉर्डात ठेवले. नळीने गुठळी काढायलाही वेळेचे असेच बंधन असते का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : असते, पण ते पूर्वीसारखे घड्याळाचे राहिलेले नाही. झोपेत झालेल्या पक्षाघातात, माणूस शेवटचा ठीक असल्याचे कोणी पाहिले, त्या क्षणापासून वेळ मोजतात. त्या हिशेबाने साडेचार तास उलटले असले तर साधारणपणे इंजेक्शन देत नाहीत. विशेष एमआरआय करून काही जणांना ते देता येते, परंतु ती सोय सगळीकडे नसते.

नळीने गुठळी काढण्याबाबत मात्र २०१८ साली मोठा बदल झाला. ‘डॉन’ या चाचणीत सहा ते चोवीस तास उलटलेले, परंतु ज्यांच्या मेंदूचा मेलेला भाग लहान आणि धोक्यात असलेला भाग मोठा आहे, असे २०६ रुग्ण निवडले होते. तीन महिन्यांनी गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वावलंबी होते, तर इतरांपैकी केवळ १३ टक्के. त्याच सुमारास ‘डिफ्यूज ३’ या चाचणीने सहा ते सोळा तासांच्या रुग्णांत ४५ विरुद्ध १७ टक्के असा फरक दाखवला. याचा अर्थ उशीर चालतो असा मुळीच नाही. ज्यांचा मेंदू आडवाटेच्या वाहिन्यांनी इतका वेळ तग धरून राहिला, अशांनाच तपासणीतून वेचून घेतले होते.

म्हणून ‘वेळ गेली’ एवढे उत्तर पुरे नाही. मानेच्या व मेंदूच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी झाली होती का, आणि तिच्यात मोठी धमनी बंद दिसली होती का, हे आईच्या कागदपत्रांत पाहावे. लहान शाखा बंद असेल तर नळी घालून उपयोग झालाच असता असे नाही. मध्यम आणि लहान धमन्यांसाठी झालेल्या दोन मोठ्या चाचण्या २०२५ साली प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत गुठळी काढल्याचा फायदा दिसला नाही. उपकरण तिथवर पोचते, म्हणून ते न्यावेच असे होत नाही. या पत्रांतल्या अर्ध्या प्रश्नांचे उत्तर खरे तर एवढ्यातच आहे.

खर्चाचे आपण विचारलेले नाही, पण इतरांनी विचारले आहे. केवळ जाळीचे उपकरण आणि नळ्या यांचाच खर्च मोठा असल्याने बिल काही लाखांत जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. एकाने रुग्णाबरोबर आत जावे आणि दुसऱ्याने त्याच वेळी तिथे जाऊन योजनेत काय बसते ते विचारावे. आधी पैशांची जुळवाजुळव आणि मग दाखल करणे, असा क्रम लावू नये. आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला फोन करतानाच जवळ कुठे सीटी स्कॅन चालू आहे, हे विचारून घ्यावे.

प्रश्न : भावाला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. गुठळी शोषून घेण्याची नळी त्या रुग्णालयात होती, तरी वापरली नाही. हा हलगर्जीपणा नाही का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : नाही. २००८ साली नेदरलँड्समधील १०७१ रुग्णांच्या एका चाचणीत, स्टेंटपूर्वी गुठळी शोषून घेतल्यास फायदा होतो असे दिसले आणि ही पद्धत सर्वत्र पसरली. त्यानंतर २०१३ साली स्वीडनसह उत्तर युरोपातील ७२४४ रुग्णांच्या आणि २०१५ साली अनेक देशांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचण्यांत तो फायदा टिकला नाही. उलट २०१५ सालच्या चाचणीत महिनाभरात पक्षाघात होण्याचे प्रमाण ०.३ वरून ०.७ टक्क्यांवर गेलेले आढळले. तेव्हापासून प्रत्येक रुग्णात हे करू नये असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गुठळी फारच मोठी असेल तर डॉक्टर आजही ती नळी वापरतात. हृदयाच्या धमनीत मूळ दोष तिच्या भिंतीवरील फुटलेल्या चरबीच्या थराचा असतो आणि त्यावर उपाय स्टेंटचा. मेंदूत बहुधा उलट असते. तिथली गुठळी हृदयातून किंवा मानेतून वाहत आलेली असते आणि खालची धमनी पुष्कळदा निरोगी असते.

प्रश्न : बाळंतपणाला तीन आठवडे झाले असताना माझा डावा पाय मांडीपर्यंत सुजला. तपासणीत खोल शिरेत, अगदी ओटीपोटापर्यंत गुठळी निघाली. एक डॉक्टर म्हणतात, औषधे पुरे आहेत. दुसरे म्हणतात, मशीनने काढून टाका, नाहीतर पाय जन्मभर सुजलेला राहील. सासूबाईंचे म्हणणे, बाळंतिणीने हिंडू-फिरू नये आणि पाणी कमी प्यावे. मी कोणाचे ऐकू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण तेवढेच उत्तर सोपे आहे. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो, आणि पडून राहणे व शरीरातले पाणी कमी होणे त्यात भर घालते. आपल्याकडे बाळंतिणींच्या मेंदूच्या शिरांत गुठळ्या झालेल्या आढळतात, त्यामागेही ही कारणे असू शकतात. सासूबाईंना दुखवू नका, पण पाणी भरपूर प्या, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की चालू लागा.

दोन डॉक्टरांच्या मतभेदाला मात्र खरा आधार आहे. खोल शिरेतील गुठळीवर मुख्य उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांचाच आहे. ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत, तिची वाढ थांबवतात, आणि विरघळवण्याचे काम शरीर स्वतः हळूहळू करते. त्यात शिरेच्या झडपा खराब होऊन पुढे पाय जड होणे, सुजणे, त्वचा काळवंडणे, क्वचित जखम होणे असा त्रास काही जणांना होतो. तो टाळण्यासाठी गुठळी लवकर काढावी, हा विचार तर्काला पटणारा आहे. नॉर्वेतील २०९ रुग्णांच्या एका चाचणीत २०१२ साली त्याला पुष्टीही मिळाली. नळीतून औषध सोडलेल्यांपैकी ४१ टक्के, तर इतरांपैकी ५६ टक्के लोकांना दोन वर्षांनी असा त्रास होता. परंतु २०१७ साली अमेरिकेतील ६९२ रुग्णांच्या ‘अट्रॅक्ट’ या मोठ्या चाचणीने ही आशा बरीच खाली आणली. तिथे त्रासाचे प्रमाण ४७ आणि ४८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले, आणि पहिल्या दहा दिवसांतील मोठा रक्तस्राव मात्र ०.३ वरून १.७ टक्क्यांवर गेला. मध्यम ते तीव्र त्रास तेवढा १८ विरुद्ध २४ टक्के, असा काहीसा कमी होता.

यातून काय घ्यायचे? गुडघ्याच्या किंवा पोटरीच्या शिरेत गुठळी असती, तर मशीनचा विचारही करू नका असे मी लिहिले असते. आपली गुठळी ओटीपोटापर्यंत गेली आहे, वय कमी आहे आणि तक्रार ताजी आहे. अशा रुग्णांसाठी, पहिल्या दोन आठवड्यांत आणि रक्तस्रावाची जोखीम कमी असल्यास, नळीने गुठळी काढण्याचा विचार करणे अवाजवी नाही. मात्र बाळंतपण नुकतेच झाले असल्याने, विशेषतः सिझेरियन झाले असल्यास, विरघळवण्याच्या औषधाने रक्तस्रावाची भीती असते. म्हणून केवळ यांत्रिक पद्धतीने काढता येईल का, हे विचारून घ्या. डाव्या पायालाच हे होण्याचे एक कारण शरीराच्या रचनेत आहे. ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी जाते आणि काही जणींत ती शिरेला मणक्यावर दाबून धरते. तसे आढळले तर गुठळी काढूनही शीर परत बंद होते, म्हणून तिथे स्टेंट लागू शकतो. तरुण वयात, लहान बाळ असताना, जन्मभराचा स्टेंट बसवण्यापूर्वी दुसरे मत अवश्य घ्यावे.

आणखी दोन गोष्टी. पाय निळसर पडून असह्य ठणकू लागला, तर तो वादाचा विषय राहत नाही. तो पाय वाचवण्याचा प्रसंग असतो आणि तेव्हा गुठळी तातडीने काढतात. आणि अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्त पातळ करणारी हेपारिनची इंजेक्शने आणि वॉरफरिनची गोळी बाळासाठी सुरक्षित मानली जातात, रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या मात्र या काळात टाळतात. वेगवान खारट पाण्याच्या फवाऱ्याने गुठळी फोडणारे यंत्र वापरले, तर पहिला दिवसभर लघवी तांबूस-तपकिरी होऊ शकते. फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे हे होते. त्याने घाबरू नये, परंतु मूत्रपिंडावर ताण येत असल्याने डॉक्टरांचे त्याकडे लक्ष हवे.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, हृदयाच्या झडपेचा जुना आजार, ठोके अनियमित. एका रात्री उजवा पाय एकदम ठणकू लागला, गार पडला, पांढरा दिसू लागला. वात आला असेल म्हणून आम्ही तेल चोळले, गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि सकाळपर्यंत थांबलो. रुग्णालयात जांघेत छोटा छेद घेऊन फुग्याच्या नळीने गुठळी काढली, पण नंतर पोटरीला दोन लांब काप घ्यावे लागले. गुठळी निघाल्यावर काप कशाला? आणि नवीन मशीन असताना जुनी पद्धत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी कापांचे सांगतो. रक्ताविना सहा तासांच्या आसपास स्नायू मरू लागतात. त्यानंतर रक्त परत आले की दुखावलेले स्नायू फुगतात, आणि पोटरीचे स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत बंद असल्याने त्यांचा दाब वाढून वाहिन्या पुन्हा आवळल्या जातात. ते आवरण कापून दाब मोकळा केला नाही, तर गुठळी काढूनही पाय जातो. म्हणजे ते काप गुठळी काढण्याच्या चुकीतून आलेले नसून हरवलेल्या तासांमुळे लागले. मेलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि इतर द्रव्ये रक्तात उतरतात, त्याने हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही अडचणीत येतात. त्यामुळे पुढचे काही दिवस रक्ताच्या तपासण्या सारख्या कराव्या लागतात.

एकाएकी ठणका, पांढरेपणा, गारठा, बधिरपणा, बोटे न हलणे आणि नाडी न लागणे ही लक्षणे एकत्र आली की तो वात नव्हे. तेल चोळल्याने रक्त येत नाही. बधिर पायावर गरम पिशवीने भाजते आणि रुग्णाला ते कळतही नाही. पाय उंच उशीवर ठेवू नये, नुसता झाकून ठेवावा आणि तडक रुग्णालय गाठावे. तिथे बहुधा सर्वांत आधी हेपारिन देतात.

ज्या फुग्याच्या नळीला आपण जुनी म्हणता, तिच्यापासूनच हा सगळा विषय सुरू झाला आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात थॉमस फोगार्टी हा मुलगा कमी वयातच रुग्णालयात शस्त्रक्रियेला हातभार लावण्याचे काम करत असे. त्या काळी पायातली गुठळी काढायला लांब छेद घेऊन धमनी उघडावी लागे आणि पाय किंवा जीव, बऱ्याचदा दोन्ही, गमावावे लागत. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना त्याने मूत्रमार्गात घालायच्या नळीला शस्त्रक्रियेच्या हातमोज्याच्या बोटाचे टोक फुग्यासारखे जोडून पाहिले. दोन्ही पदार्थ डिंकाने चिकटत नव्हते, तेव्हा मासेमारीच्या गळाला कृत्रिम माशी बांधण्याची गाठ, जी त्याला लहानपणापासून येत होती, तिने त्याने फुगा बांधला. नळी गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि ओढून घ्यायचे. १९६१ साली ती रुग्णात प्रथम वापरली गेली आणि १९६३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. गुठळीच्या पलीकडे जाऊन मागे ओढण्याची ती युक्ती आज मेंदूतली जाळी वापरते आहे. जांघेत भूल देऊन, छोट्याशा छेदातून, थोड्या वेळात होणारी ही शस्त्रक्रिया हृदयातून आलेल्या ताज्या गुठळीसाठी आजही उत्तम आहे, आणि ज्या गावात कॅथलॅब नाही तिथेही ती करता येते. शोषणाची नवी यंत्रे, किंवा नळीतून औषध सोडण्याची पद्धत, यांचा खरा उपयोग गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत, किंवा धमनी आधीच चरबीने अरुंद झालेली असताना होतो. पण पायाची संवेदना व हालचाल जाऊ लागली असेल, तर औषध तासन्‌तास सोडत बसण्याइतका वेळ नसतो. आपल्या वडिलांसाठी डॉक्टरांनी निवडलेली पद्धत योग्य होती.

गुठळी निघाली तरी ती तयार करणारे कारण हृदयात आहेच. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आखडली असेल आणि ठोके अनियमित असतील, तर रक्त पातळ करणारी गोळी चालूच ठेवावी लागते. रक्ततपासणीचा त्रास नको म्हणून वॉरफरिन सोडून नवी गोळी घ्यावी, असे कोणी सुचवेल. ‘इन्व्हिक्टस’ नावाच्या, २४ देशांतील साडेचार हजारांहून अधिक अशाच रुग्णांच्या चाचणीत २०२२ साली नव्या रिव्हरॉक्सबॅनपेक्षा वॉरफरिनच्या गटातील जुनी औषधे सरस ठरली. तेव्हा वॉरफरिन चालू असेल तर ते परस्पर बदलू नये आणि रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारी आयएनआर तपासणी चुकवू नये.

प्रश्न : गुडघा बदलल्यावर दहाव्या दिवशी बहिणीला धाप लागली. फुप्फुसात दोन्ही बाजूंना गुठळ्या निघाल्या. रक्तदाब ठीक होता. केवळ हेपारिन देऊन नुसते लक्ष ठेवले. इतक्या गंभीर आजारात नुसते लक्ष? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फुप्फुसात गुठळ्या किती दिसतात यापेक्षा हृदयाच्या उजव्या बाजूला ताण किती आला आहे आणि रक्तदाब टिकतो आहे का, यावर उपचार ठरतो. रक्तदाब कोसळला असेल तर विरघळवण्याचे इंजेक्शन देतात. ते देता येत नसेल, उदाहरणार्थ नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर नळीने गुठळी काढतात किंवा छाती उघडतात. रक्तदाब चांगला असताना इंजेक्शन दिले तर काय होते, हे २०१४ सालच्या १००६ रुग्णांच्या चाचणीत पाहिले गेले. प्रकृती ढासळण्याचे प्रमाण घटले, पण मेंदूतील रक्तस्राव सुमारे दोन टक्के रुग्णांना झाला. या दोहोंच्या मधली वाट म्हणून मांडीच्या शिरेतून सुमारे आठ मिलिमीटर जाडीची नळी हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत नेऊन गुठळ्या शोषून घेणारी उपकरणे २०१८ पासून अमेरिकेत वापरात आली. ती औषधाविना काम करत असल्याने नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्यांना सोयीची आहेत. मात्र रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णाचा जीव त्यांच्यामुळे अधिक वाचतो, असे अद्याप दाखवले गेलेले नाही. अतिदक्षता विभागात दर तासाला नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहणे आणि बिघाड दिसताच पुढचे पाऊल उचलणे, हा त्या टप्प्यावरचा पूर्ण उपचारच आहे. ‘नुसते’ हा शब्द तिथे लागू होत नाही.

प्रश्न : मी डायलिसिसवर आहे. हातातल्या फिस्टुलाची थरथर काल रात्रीपासून लागत नाही. पुढचे डायलिसिस परवा आहे, तेव्हा दाखवले तर चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : चालणार नाही. हे पत्र मिळताच मी संपादकांकरवी आपल्याला तसे कळवले होते. इतर वाचकांसाठी येथे लिहितो. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग म्हणजे फिस्टुला. थरथर थांबली म्हणजे त्यात गुठळी झाली असे समजून त्याच दिवशी केंद्राला फोन करावा. ताजी गुठळी बारीक नळीने शोषून किंवा फोडून काढता येते आणि ज्या अरुंद जागेमुळे ती झाली, ती जागा त्याच वेळी फुग्याने रुंद करता येते. उशीर झाला की गुठळी भिंतीला घट्ट धरते, मग मानेत तात्पुरती नळी घालून डायलिसिस आणि दुसऱ्या जागी नवा फिस्टुला, एवढेच उरते. तोवर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्या हातातून रक्त काढू देऊ नये, आणि थरथर परत येईल म्हणून तो भाग चोळू नये. रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी बोटे ठेवून थरथर पाहावी.